फिरस्ता कोण?

रिचमंड हिल हे टोरांटोच्या उत्तरेला, यंग स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना पसरलेलं दोन लाख वस्तीचं शहर. आजच्या आइस हॉकीत ज्याला तोड नाही असं म्हणतात, तो कॉनर मॅकडेव्हिड १९९७ साली इथे जन्मला, हे इथला कुणीही छाती फुगवून सांगतो. तो वाढला जवळच्या न्यूमार्केटमध्ये, हे सांगायचं राहून जातं. फिगर स्केटिंगमधला तीन वेळचा जगज्जेता एल्विस स्टोइको याच्या नावाने तर इथे बर्फाचं मैदानच आहे. मोठ्या खेळाडूला शहर असं घट्ट धरून ठेवतं. फुटबॉलमध्ये मात्र रिचमंड हिलच्या वाट्याला एक नवमांश आला. २०१९ साली कॅनेडियन प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा यॉर्क विभागातल्या नऊ गावा-शहरांचा मिळून एक क्लब निघाला, म्हणून त्याचं नाव यॉर्क नाइन. त्या नवांतलं एक आमचं. सामने व्हायचे ते मात्र टोरांटोच्या हद्दीत, यॉर्क विद्यापीठाच्या मैदानावर. दोन हंगाम झाले आणि २०२० संपता संपता नावातला नऊ गळून पडला. क्लब यॉर्क युनायटेड झाला.

या लीगच्या इतिहासातला पहिला गोल यॉर्क नाइननेच केला. २७ एप्रिल २०१९, हॅमिल्टन, सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झालेली. गोल करणारा रायन टेल्फर त्या दिवशी टोरांटो एफसीकडून उसना आलेला होता. नव्या लीगचा श्रीगणेशाच उसन्या खेळाडूने केला, यात मला गैर काही वाटत नाही. उलट हा धंदा खरोखर कसा चालतो ते त्या तीन मिनिटांत दिसलं.

दहा वर्षांत सहा-सात क्लब पालटलेला, कधी या लीगमध्ये तर कधी त्या, राष्ट्रीय संघात आत-बाहेर करणारा, पस्तिशीला पोचेपर्यंत पाच शहरांत घरभाडं भरलेला व्यावसायिक फुटबॉलपटू आपल्या नजरेत कसा असतो? ‘कुठेच टिकला नाही’ या तीन शब्दांत आपण त्याचा निकाल लावतो. फार तर त्याच्या भटकंतीची गंमत वाटते. लुट्झ फानेनश्टील हा जर्मन गोलकीपर फुटबॉलच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक म्हणून खेळला, कॅनडातही खेळून गेला. त्याच्यावर वर्तमानपत्रांनी रकाने भरले, कारण तो चमत्कारिक होता. जो चमत्कारिक नाही, नुसता फिरत राहिला, त्याच्यावर कोण लिहिणार? माझं म्हणणं असं की हा माणूस चंचल नसतो. चंचल असतात त्याला कामावर ठेवणाऱ्या संस्था. खेळाडू एका जागी उभा राहायला तयार असतो, जागाच उचलून नेली जाते, आणि ठपका मात्र त्याच्यावर येतो.

रिचमंड हिलहून पश्चिमेला गाडीने पाऊण तासाच्या आत ब्रॅम्प्टन लागतं. तिथे वाढलेला एक खेळाडू पुण्याच्या बालेवाडीत खेळून गेला. त्याचा प्रवास नीट पाहिला तर हा वाद बराचसा सुटतो.

इयन ह्यूम १९८३ साली एडिंबरोत जन्मला आणि ब्रॅम्प्टनमध्ये वाढला. शाळकरी वयातच तो इंग्लंडला गेला आणि सोळाव्या वर्षी ट्रॅनमिअर रोव्हर्सच्या पहिल्या संघातून उतरला. २००५ मध्ये लेस्टर, २००८ मध्ये बार्न्सली. बार्न्सलीने त्याच्यासाठी दहा लाखांहून अधिक पौंड मोजले, म्हणजे मधल्या दर्जाच्या बाजारात चांगलीच किंमत. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या सामन्यात ख्रिस मॉर्गनचं कोपर त्याच्या डोक्यात बसलं. कवटीला तडा गेला, आत रक्तस्राव झाला, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. पंचाने मॉर्गनला दाखवलं पिवळं कार्ड. पंचविशीतल्या माणसाने तिथेच बूट टांगले असते तर कुणी नावं ठेवली नसती. ह्यूम पुढच्या वर्षी मैदानावर परतला. मग प्रेस्टन, डॉनकॅस्टर, फ्लीटवुड. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा तो केरळ ब्लास्टर्सकडे आला आणि त्या पहिल्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २० डिसेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत कोलकात्याने एक गोल केला आणि केरळ हरलं.

पुढच्या हंगामात ह्यूम त्याच कोलकात्याकडून खेळला. निष्ठा, निष्ठा म्हणतात ती हीच का? केरळच्या प्रेक्षकाला असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण तेव्हाची ती लीग ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात आटोपायची. म्हणजे नोकरी अडीच-तीन महिन्यांची. उरलेले नऊ महिने माणसाने काय करायचं? ह्यूम मधल्या काळात स्पेनमध्ये खेळून आला. तीन महिन्यांच्या पगारात बारा महिन्यांची निष्ठा मागणाऱ्याला आपल्याकडे व्यवहारी म्हणत नाहीत, त्याला दुसरा शब्द आहे. २०१६ च्या अंतिम सामन्यात कोलकात्याने कोचीत केरळलाच पेनल्टींवर हरवलं, आणि २०१७ मध्ये ह्यूम परत केरळकडे गेला! ज्या गावाला त्याच्या संघाने रडवलं, त्याच गावाने त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं. प्रेक्षकाला हा व्यवहार कळतो. न कळल्यासारखं करतो तो समालोचक. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीविरुद्ध डोक्याला पट्टी बांधून ह्यूमने तीन गोल मारले. तेच डोकं, ज्याच्या कवटीला नऊ वर्षांपूर्वी तडा गेला होता. पुढच्याच महिन्यात बालेवाडीत पुण्याविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला.

त्या गुडघ्यासकट त्याला पुढच्या हंगामासाठी करारबद्ध केलं ते एफसी पुणे सिटीनेच. सदतिसाव्या मजल्यावरून बघितलं तर ही एक किरकोळ नोंद आहे. जवळून पाहिलं तर त्या एका हंगामात पुण्याच्या संघाने तीन प्रशिक्षक पाहिले: स्पॅनिश मिगेल आंखेल पोर्तुगाल काही सामन्यांतच गेले, प्रद्युम रेड्डींनी तात्पुरती सूत्रं घेतली, मग डिसेंबरात इंग्लंडहून फिल ब्राउन आले. हे ब्राउन २०११ मध्ये प्रेस्टनचे व्यवस्थापक होते आणि ह्यूम तेव्हा त्यांच्या हाताखाली खेळत होता. सात वर्षांनी दोघे पुन्हा भेटले ते मुळा-मुठेच्या काठी. फिरस्त्यांचं जग असं लहान असतं, आणि त्यात एकाच माणसाला एकाच मोसमात तीन निरनिराळ्या पद्धतींनी खेळायला शिकावं लागतं. पहिला म्हणतो चेंडू पायाशी ठेवा, तिसरा म्हणतो लांब मारा. दोघांचं ऐकून, दुखरा गुडघा सांभाळून, ड्रेसिंग रूममधल्या चार भाषांत मिसळून शनिवारी उपयोगी पडणं हे कसब आहे. ज्याच्याभोवती अख्खा संघ रचला जातो, त्या बड्या खेळाडूला त्याची गरज पडत नाही.

आणि मग २०१९ मध्ये क्लबच बंद पडला. ह्यूमने पुणं सोडलं की पुण्याने ह्यूमला, हा प्रश्नच उरला नाही, कारण सोडायला पुणं जागेवर नव्हतं. लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. हैदराबाद २०२२ च्या मार्चमध्ये चक्क विजेतं ठरलं, त्यानंतर खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली आणि २०२५ मध्ये तोच क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली: सहा वर्षांत तीन शहरं. एखाद्या खेळाडूच्या नावापुढे हा इतिहास लिहिला असता तर आपण काय म्हटलं असतं?

महाराष्ट्राची यादी तर स्मशानात फिरल्यासारखी वाटते. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. भारत एफसी एक हंगाम खेळला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसले नाहीत. त्यांच्यामागून पुणे सिटी. घराजवळ, मुंबई-पुण्यातच राहून खेळायचं असं ठरवलेल्या एखाद्या भिडस्त, घरकोंबड्या बचावपटूलाही त्या दशकात चार-पाच क्लब बदलावे लागले असते. कॅनडाची लीग तर त्याहून तरुण. तरी एफसी एडमंटन २०२२ मध्ये तिच्यातून गळला.

पूर्वी असं नव्हतं, असं मुंबईतले जुने लोक सांगतात, आणि ते खरं आहे. कूपरेजवर हारवुड लीग आणि रोव्हर्स कप खेळणारे संघ ऑफिसांचे आणि गिरण्यांचे असत: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, बँका. खेळाडू कारकून म्हणून लागायचा, दुपारनंतर सरावाला सुटायचा, पाय थकले की टेबलावर परत यायचा. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी मिळायचा. त्या व्यवस्थेत फिरस्ता खेळाडू जवळजवळ निपजलाच नाही, कारण संघ बदलणं म्हणजे कायमच्या नोकरीवर पाणी सोडणं. मला ती व्यवस्था आदर्श वाटत नाही. अर्धवेळ सरावाने खेळाची उंची वाढत नाही. साहेबाची मर्जी गेली की संघातली जागा जायची. आणि गिरण्या बसल्या तसे गिरण्यांचे संघही बसले. पण १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि पुढे आपण ‘व्यावसायिक’ झालो, तेव्हा क्रीडा कोट्यातली नोकरी मागे पडली आणि तिच्या जागी काय आलं ते कुणी धड पाहिलं नाही. करार आला. तोही हंगामापुरता.

या जागी मला संगीत नाटकांच्या मंडळ्या आठवतात. १८८० ची किर्लोस्कर नाटक मंडळी. तिच्यातून १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी उभी राहिली. १९१८ मध्ये दीनानाथ बाहेर पडले आणि बळवंत मंडळी झाली. कर्ज वाढलं की मंडळी मोडायची, पडदे आणि पेट्या विकल्या जायच्या, नट दुसऱ्या मंडळीत जायचे. एका मंडळीतून दुसरीत गेलेल्या नटाला मराठी प्रेक्षकाने कधी गद्दार म्हटलं नाही. त्याने पाहिलं ते एवढंच की हा माणूस समोर उभा राहिला की भूमिका उभी राहते का. दुय्यम भूमिका करणारे, तालमीत सगळ्यांच्या जागा पाठ असणारे, ऐनवेळी कुणीही आजारी पडलं तरी उभे राहणारे असे नट नसते तर त्या थोर गायकांचा एक प्रयोग पार पडला नसता. बहुतेकांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांची उपयुक्तता मात्र तेव्हाचा प्रत्येक मालक ओळखून होता, आणि पगार थकवतानाही ओळखूनच थकवत होता.

यावर कोल्हापूरचा माणूस मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांची गाठ पडते तेव्हा पेठच्या पेठ लोटते. खेळाडू त्या तालमीचा, त्या गल्लीचा असतो. समोरच्या तालमीत गेला तर घरासमोरून जाताना लोक तोंड फिरवतात. निष्ठा ही चीज आहे, ती असते, आणि ती फुटबॉलला शोभते, हे तिथे उघड दिसतं. मान्य. पण का असते? तालीम हलत नाही म्हणून. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी कुणा उद्योगसमूहाने तीन वर्षांचा हिशेब मांडून काढलेल्या नाहीत आणि तोटा झाला म्हणून त्या कुणी सोलापूरला हलवत नाही. संस्था रुजलेली असेल तर माणूस रुजतो. तरी त्यात एक मेख आहेच. त्याच तालमी हंगामापुरते आफ्रिकेतले खेळाडू आणतात, टाळ्या वाजवतात, हंगाम संपला की निरोप देतात. आणि कोल्हापूरच्याच ज्या पोराला फुटबॉलवर पोट भरायचं आहे त्याला पेठ सोडावीच लागते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा फिरला. तो पेठेला विसरला असं म्हणण्याची कुणाची हिंमत होईल? पेठ त्याला प्रेम देऊ शकते, पगार देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. जिथे जास्त मिळतं तिथे जातात, त्यांच्यासाठी गळा कशाला काढायचा? हा आक्षेप मोजक्या शंभर-दोनशे खेळाडूंना लागू पडतो, आणि आपण टीव्हीवर तेच पाहतो म्हणून सगळ्यांना लावतो. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या न्यायालयाने बॉस्मन निकाल दिला: करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला दमडी देणं नाही. न्याय्य निकाल. बड्यांच्या हाती त्याने सत्ता दिली. मधल्या खेळाडूच्या बाबतीत क्लबांनी त्याच स्वातंत्र्याची दुसरी बाजू वापरली: तू मोकळा, तर आम्हीही मोकळे, मग करार लहान ठेवू. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये सुमारे १४ हजार व्यावसायिकांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी करार दोन वर्षांहूनही कमी. निम्म्याच्या जवळपास, ४५ टक्क्यांहून अधिक खेळाडूंना महिन्याला हजार डॉलरसुद्धा हातात पडत नव्हते. ४१ टक्क्यांचे पगार मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी थकले होते. हे पैशाच्या मागे धावणारे नव्हेत. यांचा पैसाच यांच्यापुढे धावतो आहे.

नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. २०१८ पासून दोन महिन्यांचा पगार थकला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. २०२० मध्ये फिफाने बुडीत क्लबांच्या खेळाडूंसाठी १ कोटी ६० लाख डॉलरचा निधी काढला. म्हणजे बुडणारा क्लब हा अपघात नसून या धंद्याचा नेहमीचा भाग आहे, याची लेखी कबुलीच ती. मात्र नियमाने करार मोडला तरी खेळाडूच्या नावापुढे आणखी एका क्लबची भर पडते, आणि पुढचा प्रशिक्षक ती यादी वाचून विचारतो, इतक्या ठिकाणी का फिरलास?

कधी चांगल्या हेतूचा नियमही त्याच्या मुळावर येतो. कॅनेडियन लीगने पहिल्याच हंगामापासून सक्ती केली की २१ वर्षांखालच्या कॅनेडियन खेळाडूंना प्रत्येक क्लबने ठरावीक मिनिटं खेळवलंच पाहिजे. देशाच्या संघासाठी हे उत्तम, आणि मी त्या नियमाच्या बाजूचा आहे. पण ती वयाची मर्यादा ओलांडली की तोच खेळाडू, त्याच पायांनी, क्लबच्या हिशेबात महाग होतो. पुढची दहा वर्षं काढायची ती या महागाईसकट.

आता रिचमंड हिलकडे येतो, कारण हा प्रश्न इथे घराघरांत आहे. रिचमंड ग्रीनच्या मैदानांवर उन्हाळ्याच्या संध्याकाळी मुलांचे संघ खेळतात. बाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आयाबापांत इराणी, चिनी, रशियन आणि आपलीही माणसं असतात. निवड होऊन वरच्या संघात गेलं की फी वाढते, गणवेश, हिवाळ्यातलं छताखालचं मैदान, दूरच्या स्पर्धांची हॉटेलं असं सगळं वाढत जातं. प्रत्येक पालकाच्या डोळ्यांपुढे एक चेहरा असतो, आणि तो चेहरा कधीही इयन ह्यूमचा नसतो. याला पालकांचं स्वप्नाळूपण एवढंच कारण नाही. खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असा फिफाचा नियम आहे. फिरस्त्याच्या बदल्या बहुतेक करार संपल्यावर, फुकटात होतात. त्याच्या पाच टक्क्यांचं उत्तर शून्य. तेव्हा गल्लीतल्या क्लबच्या हिशेबवहीत मोलाचा असतो तो विकला जाणारा तारा; पंधरा वर्षं इमानाने खेळून पोट भरणारा व्यावसायिक त्या वहीत दिसतच नाही. जे वहीत नाही, ते माहितीपत्रकावरही नाही.

आपल्या लोकांची गंमत अशी की फिरण्याबद्दल तुच्छता बाळगायचा आपल्याला अधिकार सगळ्यात कमी. हिंजवडीत एक, बंगळुरूत दुसरी, मग कंत्राटावर न्यू जर्सी, मग मार्कममध्ये एक आणि आता टोरांटोच्या बे स्ट्रीटवरच्या बँकेत आणखी एक, अशा नोकऱ्या बदललेला गृहस्थ मराठी मंडळाच्या गणपतीत त्या यादीला ‘अनुभव’ म्हणतो. कंपनी विकली गेली, प्रकल्प गुंडाळला, विभाग बंद झाला, ही त्याची कारणं आपण मान डोलावून ऐकतो. तीच कारणं फुटबॉलपटूने सांगितली की आपल्याला ती सबबीसारखी का वाटतात? माझ्या मते याचं उत्तर असं: इंजिनिअरच्या बाबतीत मधला माणूस असणं हे आपण यश धरलं आहे, आणि खेळाडूच्या बाबतीत शिखराखालचं सगळं अपयश. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पेशात आपण ही मोजपट्टी लावत नाही. जिल्हा न्यायालयातला वकील सर्वोच्च न्यायालयात गेला नाही म्हणून त्याला पडलेला म्हणत नाही.

यातून असं काढू नये की प्रत्येक फिरस्ता थोर असतो. काही आळशी असतात, काही भांडकुदळ, काहींना दलाल नाचवतात. मधल्या दर्जाचा खेळ पाहणं हे पुष्कळदा कंटाळवाणंही असतं. यॉर्कच्या मैदानावर ऑक्टोबरातल्या बोचऱ्या वाऱ्यात मी ते पाहिलं आहे, आणि अर्ध्या वेळेला निघून जावंसं वाटलं आहे. पण ३३ व्या वर्षी, चौथ्या देशात, एका वर्षाच्या करारावर, समोरच्या विशीतल्या पोराइतकं धावणारा माणूस तिथे होताच, आणि संघाची मधली फळी कुठे सरकायची ते तोच हाताने दाखवत होता.

इथल्या क्लबांच्या निवडचाचण्यांना पालक जातात तेव्हा विचारतात, तुमची किती मुलं युरोपात गेली, किती अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर गेली. उत्तर तयार असतं, फोटोंसह. तुमच्याकडे दहा वर्षं फी भरून गेलेली आणि आज सत्तावीस वर्षांची असलेली मुलं कुठे खेळतात, त्यांचे करार किती महिन्यांचे आहेत, किती जणांचे पगार थकले, आणि तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्यांचा फोन उचलला का, हे कुणी विचारत नाही. अशी नोंद ठेवणं अवघड नाही. त्याच मुलांच्या फीचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवलेलाच असतो.